फक्कीनं आखलेली खोली

नकाशाचे कोपरे वर उचलू नयेत म्हणून अनुश्रीनं त्यांच्यावर चार वाट्या पालथ्या घातल्या होत्या, आणि त्या चार वाट्यांच्या मधोमध सायकलवाल्यांचा थांबा पसरला होता. गंगूताई चहाचा कप घेऊन टेबलाशी आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपल्याला यातलं काय कळणार. पण नात एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगायला लागली तशी ती जागा त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहायला लागली. इथं सायकली लावायच्या, इथं पाण्याची टाकी, हा पंक्चर काढायचा ओटा, हा दहा खाटांचा हॉल, ही राखणदाराची खोली, मागे संडास आणि न्हाणी. "ओटा एवढा बुटका नको गं," गंगूताई म्हणाल्या, "सायकलवरून उतरल्यावर गुडघे लवकर वाकत नाहीत. नुसतं टेकता आलं पाहिजे." अनुश्रीनं ते पेन्सिलीनं कडेला लिहून घेतलं. नातीनं आपलं बोलणं लिहून घ्यावं याचं त्यांना हसू आलं आणि बरंही वाटलं. मग त्यांनी सहज विचारलं, "आणि बायका कुठं झोपायच्या?" अनुश्रीनं मान वर न करताच सांगितलं, "बायकांना संडास वेगळा काढलाय. मुक्कामाला त्यांना ठेवायचं नाही असं ठरलंय थांब्याच्या कमिटीत. आणि बायका थांबत तरी कुठं? तूच नाही का आजी, अठ्ठावीस वर्षं सायकलवर फिरलीस आणि एकदाही दिवेलागण चुकवली नाहीस?" गंगूताईंच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. चहा हिंदकळून बशीत उतरला. एवढंच झालं. अनुश्रीनं नकाशा चटकन पलीकडे ओढला आणि ती हॉलच्या खिडक्या मोजायला लागली.

ते वाक्य गंगूताईंनी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नव्हती. पहिल्यांदा ते म्हणाले त्यांचे यजमान विष्णुपंत, नरसीला, देवळाच्या सभामंडपात. पूजेची पाळी संपवून ते खांबाला टेकून बसत आणि गावातली चार माणसं भोवती असत. कुणी तरी म्हणालं होतं, बाईमाणसानं सायकलवर गावोगाव हिंडायचं म्हणजे जरा जास्तच होतं. तेव्हा विष्णुपंत शांतपणे म्हणाले होते, "आमच्या घरची बाई कुठंही जाऊ दे, दिवे लागायच्या आत घरात असते." त्या एका वाक्यानं गावाचं तोंड बंद झालं होतं. त्या वाक्याच्या आडोशाला गंगूताईंची नर्सची नोकरी अठ्ठावीस वर्षं टिकली. विष्णुपंत गेल्यावर ते मुलानं, विश्वजीतनं, उचललं. आईच्या सत्काराला, पंचाहत्तरीला, सायकल क्लबच्या सभेत, ऑफिसातल्या मित्रांपुढं तो ते सांगायचा. सांगताना त्याचा आवाज थोडा भरून यायचा, अगदी वडिलांसारखा. आणि आता ते भिंतीवर चढणार होतं. नकाशात थांब्याच्या दर्शनी बाजूला अनुश्रीनं एक जाड रेघ काढून शेजारी लिहिलं होतं, 'आजीची भिंत'. तिथं गंगूताईंचा सायकलवरचा फोटो लागणार होता आणि खाली हे वाक्य, रंगवून. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.

दहाच्या सुमाराला ते तिघं हिंगोलीहून निघाले. आज जागेवर आखणी होती. दोन वाजता पाया खोदायला मशीन यायचं होतं. विश्वजीत गाडी चालवत होता. रक्तदाब निघाल्यापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो सायकल चालवायला लागला आणि पंचावन्नाव्या वर्षी त्याला सायकलचं वेडच लागलं. नांदेडहून, अकोल्याहून, कुठून कुठून माणसं दोनशे-तीनशे किलोमीटर सायकल हाणत या रस्त्यानं जातात, त्यांना पाठ टेकायला जागा नाही, हे त्याच्या मनानं घेतलं. नरसीच्या अलीकडे रस्त्याला लागून भागवतचं हळदीचं शेत होतं. मागे एकदा एक सायकलवाला उन्हानं चक्कर येऊन त्याच्या बांधाशी पडला, तेव्हापासून भागवतनं बांधावर माठ ठेवला होता. आणि विश्वजीतनं गोष्ट काढल्याबरोबर त्यानं शेताचा रस्त्याकडचा तुकडाच देऊन टाकला. चांगली माणसं. गंगूताई मागच्या सीटवर बसून बाहेर बघत होत्या. रस्ता आता एवढा रुंद आणि गुळगुळीत झाला होता, की त्यावर पायांना ओळखीचं काही सापडत नव्हतं. पूर्वी हा रस्ता त्यांना पायांनी पाठ होता. कुठं चढ लागतो आणि मांड्या भरून येतात, कुठं उतारावर पायडल सोडून देता येतं आणि पदर पाठीमागे फडफडतो. उतारावर त्या कधी कधी गाणं म्हणत. आजूबाजूला कुणी दिसलं की थांबत. 'दोन वाजता मशीन येणार,' हे त्यांच्या डोक्यात मधूनच येत होतं. एकदा पाया खणला की झालं. मग काही बोलून उपयोग नाही. आणि बोलायचं तरी काय? पन्नास वर्षं जे झाकून ठेवलं ते आता, एकोणऐंशीव्या वर्षी, मुलासमोर उघडायचं? ज्यांनी ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं ते तर आता खोटं पडायलासुद्धा उरले नव्हते.

जागेवर भागवत आधीच येऊन उभा होता. त्यानं लिंबाच्या सावलीत गंगूताईंसाठी खुर्ची मांडली, ती हातानं पुसली आणि वर आपला रुमाल अंथरला. "बसा मावशी. वारं बराबर लागतंय हितं." अनुश्रीनं खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, आणि विश्वजीत डब्यातून चुन्याची फक्की सोडत तिच्या मागून चालायला लागला. पांढरी रेघ काळ्या जमिनीवर उमटत गेली आणि बघता बघता तिथं हॉल झाला. भागवत बोलत बोलत त्या रेघांवरून इकडून तिकडं जात होता. "काका, भिंतीतून जाऊन राहिले तुम्ही," अनुश्री ओरडली. "दरवाजा इकडे आहे." "अगं माय, माझ्याच वावरात मला दरवाजा दाखवून राहिली का?" भागवत हसला आणि पुन्हा भिंतीतूनच परत आला. त्याच्या चपलेला लागून फक्की चार पावलं पुढं गेली.

मग तो गंगूताईंच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. "मावशी, ही तुमची नात लई हुशार हाय. पन एका गोष्टीवरून माझ्यासंग भांडली बघा. म्हने, बायांसाठी एक खोली काढू. म्या म्हनलं, न्हाई. बाईमानसाची जोखीम हाय. उद्याला काही झालं तर नाव कोनाचं? माझं." गंगूताईंनी अनुश्रीकडे पाहिलं. सकाळी ती 'ठरलंय' एवढंच म्हणाली होती. भांडल्याचं बोलली नव्हती. भागवत सांगत होता, "मागल्या म्हयन्यात एक पोरगी आली व्हती. राजनंदिनी नाव. अकोल्याची. एकटीच! दिवस मावळायला आलेला. म्या पानी पाजलं, च्या पाजला, मंजुळाबाईनं भाकर दिली." मंजुळाबाई म्हणजे त्याची बायको. "पोरगी म्हनली, काका, ओसरीत पडू का? म्या म्हनलं, न्हाई बेटा, तसं न्हाई करता येत. मंग फटफटी काढली. ती पुढं सायकलवर अन् म्या तिच्या मागं मागं, लाइट दाखवत, पार हिंगोलीपर्यंत. लेकरावानी पोचवली."

"तिला झोप आली होती का?" गंगूताईंनी विचारलं.

भागवत थोडा गडबडला. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "थकली तर व्हतीच. सकाळधरनं सायकल हानत आलेली. वाटंत दोनदा थांबली. रडत व्हती का काय, मला मागून दिसलं न्हाई."

गंगूताईंनी हात मांडीवर ठेवले. हातांवर आता निळ्या शिरा वर आल्या होत्या आणि कातडी कागदासारखी झाली होती, पण त्या हातांना अजून हँडलची मूठ आठवत होती. एक मुलगी पुढं, दिव्याचा झोत मागे, आणि पायांना थांबायची परवानगी नाही. चांगुलपणा पाठीमागून येतो आहे आणि आपल्याला पायडल मारत राहायचं आहे. हे त्यांना इतकं आतून कळलं, की त्यांना क्षणभर आपण खुर्चीत बसलो आहोत हेच कळेनासं झालं. पन्नास वर्षांपूर्वी, तेव्हाही माघच होता. त्या सकाळी त्या एका बाळंतिणीकडे गेल्या होत्या, ओढ्यापलीकडच्या वाडीत. पहिलटकरीण. दुपार गेली, उन्हं कलली, तरी बाळ काही येईना. आणि आलं तेव्हा ते निळं पडलेलं. गंगूताईंनी त्याच्या तोंडातला चीक बोटानं काढला, तळव्यांवर टिचक्या मारल्या, आणि ते रडलं तेव्हा त्या तिथंच भुईवर बसल्या. निघायला उशीर झाला. वाटेत मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. हवा सुसकारत निघून गेली आणि सायकल एकदम जड जनावरासारखी झाली. त्या ती हातानं ढकलत चालत राहिल्या. घरी कुणी नव्हतं. विष्णुपंत, सासूबाई आणि चार वर्षांचा विश्वजीत परभणीला लग्नाला गेले होते. त्याच लग्नाला शेजारचंही घर गेलं होतं. गंगूताईंना रजा मिळाली नव्हती. म्हणजे उशीर झाला तरी रागावणारं कुणी नव्हतं. तरीसुद्धा त्या घाबरल्या होत्या. सासूबाई नोकरीच्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "एक दिवस जरी दिव्याला बाहेर राहिलीस तर सायकल विकून टाकेन." आणि त्या तसं करणाऱ्या होत्या.

मग जाळ दिसला. एका शेतात हळद उकडायचं काम चाललं होतं. कढईतून वाफा निघत होत्या, सगळ्या हवेला हळदीचा ओला, कडू-गोड वास होता, आणि जाळाच्या उजेडात एक बाई उभी होती. ती धुरपताबाई. गंगूताईंना तिचं नाव नंतर कळलं. "काहून उभी राह्यलीस? ये की हिकडं," ती म्हणाली. गंगूताई बांधावरूनच म्हणाल्या, "मी बाळंतिणीकडून आलेय. अंघोळ झाल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही." हे त्यांनी भीतीनं म्हटलं होतं. त्या वेळी सगळेच असं पाळत. बाळ काढणाऱ्या बाईला आदल्या दिवशी हाता-पाया पडून बोलवायचे आणि काम झालं की तिनं पाणी मागितलं तरी वरून ओतायचे. कितीदा त्या दारापाशी उन्हात बसून भाकरी खाऊन आल्या होत्या. त्यांना त्याचं काही वाटत नसे. त्या स्वतःही तेच मानत. धुरपताबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग सायकलच्या बसलेल्या चाकाकडे. कोण, कुठली, कुणाची, एवढ्या उशिरा इथं कशी, यातलं तिनं काहीही विचारलं नाही. "मंग कर की अंघोळ. पानी तापलेलंच हाय," ती म्हणाली. आणि कढईपाशी बसलेल्या नवऱ्याला, "अवो, तिकडं तोंड करा." उकंडराव निमूट उठले आणि पार विहिरीपलीकडे जाऊन बसले. जाळाच्या अलीकडे एक सपाट दगड होता. धुरपताबाईनं पाण्याचा हंडा तिथं आणून ठेवला आणि एक वाकळ दोन्ही हातांनी पसरून आडोसा धरून उभी राहिली, पाठ करून. गंगूताईंनी अंगावर पहिला तांब्या घेतला आणि त्यांना रडू आलं. दिवसभराचं रक्त, घाम, धूळ, ती निळी पडलेली टाळू, सगळं त्या गरम पाण्याबरोबर खाली जात होतं. त्या रडताहेत हे वाकळीपलीकडे ऐकू जात असणार. धुरपताबाईचे हात भरून आले असतील, पण वाकळ खाली आली नाही.

त्यानंतर तिनं आपलं लुगडं दिलं. भाकरी, पिठलं. मग एक झोपडी दाखवली, हळदीच्या ढिगाशेजारी पोती अंथरलेली. सायकलही आत घेतली. "आतून कडी लाव," एवढं सांगून ती गेली. गंगूताईंनी कडी लावली. एकटीनं, आतून, असं दार लावायचा त्यांच्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग होता. माहेरी बहिणी होत्या, सासरी सासूबाई. एका खोलीत आपण एकट्या आणि कडी आपल्या हातात, हे त्यांना कधी मिळालंच नव्हतं. त्या पोत्यांवर आडव्या झाल्या आणि त्यांच्या मनात आलं, या घटकेला मी कुठं आहे हे माझ्या माणसांपैकी कुणालाच ठाऊक नाही. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. अंग हलकं झालं होतं. त्या झोपल्या, तशा पुन्हा कधीच झोपल्या नाहीत, ना विश्वजीतच्या लग्नानंतर, ना नोकरी सुटल्यावर. आणि पुढं पन्नास वर्षं त्यांना टोचत राहिलं ते दुसरंच होतं. रात्र बाहेर काढली याचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्या रात्री त्यांना विश्वजीतची आठवण झाली नव्हती. एकदाही नाही. पहाटे जाग आली तेव्हा पहिली आठवण आली ती पंक्चरची. चार वर्षांचं पोर प्रथमच आपल्याशिवाय परगावी झोपलेलं, आणि आईला त्याचा विसर पडलेला. उकंडरावांनी रबराचा तुकडा चिकटवून चाक बांधून दिलं. त्या घरी आल्या, आणि दुपारी मंडळी परभणीहून परतली तेव्हा चूल पेटलेली होती. फक्त टाचांना पिवळं राहिलं होतं, कितीही घासलं तरी. सासूबाईंची नजर तिथंच गेली. "ही कुठली गं हळद?" विष्णुपंतच म्हणाले, "बाळंतपणाला गेली होती ना ती काल. पाय धुऊन हळद लावली असेल, ओटी भरली असेल. केलेल्याची जाण असते लोकांना." ज्यांनी पाणी वरून ओतलं त्यांनी पाय धुतले, असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं. गंगूताईंनी मान हलवली. पुढचं सगळं त्या एका मान हलवण्यावर उभं राहिलं.

"आई, ऊन आलं तुझ्यावर. खुर्ची सरकवू का?" विश्वजीत समोर उभा होता. हात फक्कीनं पांढरे, कपाळावरही एक पांढरा पट्टा. "हे बघ, इथून इथपर्यंत तुझी भिंत. लांबून दिसेल."

"विश्वजीत," गंगूताई म्हणाल्या, "ते वाक्य लिहू नकोस."

"कोणतं?"

"दिवेलागणीचं. ते खरं नाही."

तो हसला. "अगं, एखादे दिवशी अर्धा तास उशीर झाला असेल, तेवढं काय—"

"रात्रभर," गंगूताई म्हणाल्या. "रात्रभर बाहेर राहिले होते मी. इथंच कुठं तरी, ओढ्याच्या पलीकडे. अनोळखी माणसांच्यात." आणि मग थांबावंसं वाटेना म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. काटा, जाळ, वाकळ, कडी. बोलताना त्या मुलाकडे बघत नव्हत्या. समोरच्या पांढऱ्या रेघांकडे बघत होत्या. भागवत उठून उभा राहिला होता आणि हातातला रुमाल गुंडाळत होता. अनुश्रीच्या हातातली सुतळी सैल पडली होती.

"बाबांना माहीत होतं?" विश्वजीतनं विचारलं.

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. कळलं असतं तर ते रागावले नसते कदाचित. पण सासूबाईंनी सायकल विकली असती, आणि त्यांना आईपुढं बोलता आलं नसतं." मग त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "आणि अजून एक आहे. त्या रात्री मला तुझी आठवण झाली नाही रे. एकदासुद्धा. मी सुखानं झोपले."

विश्वजीतनं हातावरची फक्की झटकली. पंचावन्न वर्षांचा माणूस, कानांवरचे केस पिकलेले. पण खालचा ओठ आत ओढून उभं राहायची सवय तीच, लहानपणची. त्याला काय वाटत असेल हे गंगूताईंना कळत होतं आणि कळतही नव्हतं. इतकी वर्षं त्यानं ते वाक्य अंगावरच्या शालीसारखं वापरलं होतं. ती आपण भर उन्हात त्याच्या अंगावरून काढून घेतली. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्यानं फक्की थोडी उडाली.

"मी रडलो होतो का, परभणीला?" त्यानं विचारलं.

"नाही. तुझी आजी म्हणाली, गाढ झोपलास. मांडवातच, सतरंजीवर."

"मग झालं की," तो म्हणाला. "दोघंही झोपलो होतो." आणि तो वळला, फक्कीचा डबा उचलला आणि अनुश्रीला म्हणाला, "सांग, कुठून धरू? बायकांची खोली कुठं घ्यायची?"

अनुश्रीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं दंडाला पुसलं आणि ती एकदम कामाला लागली. "हॉलच्या मागे जागा आहे. राखणदाराच्या खोलीतून आत जाणारी—"

"मागे नको," गंगूताई म्हणाल्या. त्या उठल्या होत्या. "पुढं घे. रस्त्यावरून आली की समोर. थकलेल्या बाईला दहा खाटा ओलांडून जायला लावू नका. आणि न्हाणी खोलीला लागून, खोलीच्या आधी. आल्याबरोबर आधी गरम पाणी. चौकशी मग. सायकल आत मावली पाहिजे. आणि कडी आतून."

"पुढं तर तुझी भिंत आहे, आजी."

"ती भिंत धर की खोलीला. फोटो नको लावूस."

"मावशी," भागवत म्हणाला. तो इतका वेळ गप्प होता, आणि गप्प राहणं त्याला जमत नसे. "मला राग न्हाई आला. पन माझ्या जिवाला भ्या वाटतं, ते खरं हाय. राखनदार गडी ठेवून भागायचं न्हाई मंग. बाई लागंल."

"लागेल."

"घरचीला इचारतो." त्यानं डोकं खाजवलं. "इचारतो काय, तीच मला इचारून राह्यली. त्या दिवशी पोरीला पोचवून आलो तर चार दिवस बोलली न्हाई माझ्यासंग. म्हने, सातबारा तुमच्या नावावर हाय, ओसरी का तुमच्या एकट्याची हाय?" तो स्वतःशीच हसला आणि चहा आणायला म्हणून घराकडे निघाला. जाताना पुन्हा हॉलच्या भिंतीतूनच गेला. अनुश्रीनं या वेळी त्याला दरवाजा दाखवला नाही.

विश्वजीत फक्की सोडत चालला. रेघ मध्येच जाड झाली, मध्येच बारीक. दहा फूट, मग वळण, मग बारा फूट. "बाबा, दाराला तीन फूट सोडा," अनुश्री म्हणाली. त्यानं डबा उचलून धरला, तीन पावलं कोरडी टाकली आणि पुन्हा सोडायला लागला. खोली पूर्ण झाली तेव्हा दीड वाजला होता. चार पांढऱ्या रेघा, आणि एका ठिकाणी न आखलेली जमीन. मग गंगूताई चालत गेल्या, त्या न आखलेल्या जागेतून आत शिरल्या आणि मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. वर आभाळ होतं, चारही बाजूंना हळदीचं वाळलेलं रान, रस्ता, ट्रक, लिंब. सगळं दिसत होतं, आणि तरीही आत आल्यासारखं झालं. विश्वजीतनं खुर्ची आणली. दारातूनच आणली. ती ठेवून तो त्याच वाटेनं बाहेर गेला आणि अनुश्रीबरोबर न्हाणीची रेघ धरायला लागला. गंगूताई बसल्या. त्यांनी पाय लांब केले. पाया खणायला मशीन यायला अजून अर्धा तास होता आणि तोवर ही खोली त्यांची होती.

भागवत चहा घेऊन आला. एका हातात किटली, दुसऱ्या हातात एकात एक घातलेले कप. हॉलची आखणी ओलांडून तो सरळ खुर्चीच्या दिशेनं यायला लागला, आणि खोलीच्या रेघेपाशी त्याचं पाऊल वरच्या वर राहिलं. त्यानं ते मागे घेतलं. रेघेच्या कडेकडेनं, किटली सांभाळत, तो पूर्ण वळसा घालून दाराच्या जागेशी आला. तिथं तो थांबला. चपला काढाव्यात की काढू नयेत हे त्याला ठरवता येत नव्हतं. एक काढली, एक पायातच राहिली. मग तो हलकेच खाकरला.

"मावशी," तो म्हणाला, "येऊ का आत?"

गंगूताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना हो म्हणायचंच होतं. पण त्यांनी पाठ खुर्चीला नीट टेकवली, डोळे मिटले, आणि त्याला थोडा वेळ तसंच उभं राहू दिलं.